हायरूल कॅसल टाउन

हा लेख द लेजेंड ऑफ झेल्डा या व्हिडिओ गेम मालिकेतील काल्पनिक नगराविषयी आहे. जपानमधील ऐतिहासिक किल्लेनगरांसाठी पाहा: जोकामाची.

हायरूल कॅसल टाउन हे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या द लेजेंड ऑफ झेल्डा या व्हिडिओ गेम मालिकेतील एक काल्पनिक नगर आहे. हायरूल राज्याच्या राजवाड्याला, म्हणजेच हायरूल किल्ल्याला, लागून हे नगर वसलेले असून ते त्या राज्याची राजधानी व मुख्य बाजारपेठ मानले जाते. १९९८ साली निन्टेन्डो ६४ या यंत्रासाठी प्रकाशित झालेल्या ऑकारिना ऑफ टाइम या खेळात ते प्रथम दिसले. त्यानंतर मालिकेतील अनेक खेळांत ते कधी गजबजलेली राजधानी, कधी लहानसे सुबक शहर, तर कधी निर्मनुष्य भग्नावशेष अशा वेगवेगळ्या रूपांत आले आहे.

झेल्डा मालिकेचे वर्गीकरण सामान्यतः साहसप्रधान कृतिखेळ असे केले जाते. मात्र खरेदी-विक्री, विश्रांती, माहिती मिळवणे आणि नवी कामगिरी स्वीकारणे यांसाठी खेळाडूने वारंवार परतण्याचे ठिकाण, म्हणजेच ‘हब’ किंवा केंद्रस्थळ, ही कल्पना या मालिकेने भूमिकाप्रधान खेळांच्या परंपरेतून घेतली आहे. कॅसल टाउन हे त्या परंपरेचे एक परिचित उदाहरण आहे. या नगराचे वैशिष्ट्य असे की, अनेक खेळांत केंद्रस्थळ हे सुरक्षित व अपरिवर्तनीय ठिकाण असते. कॅसल टाउन मात्र मालिकेत एकापेक्षा अधिक वेळा उद्ध्वस्त झालेले आहे.

नाव आणि संकल्पना

मालिकेच्या जपानी आवृत्त्यांत या नगराचा उल्लेख ‘हायरूल जोकामाची’ असा येतो. ‘जो’ म्हणजे किल्ला, ‘का’ म्हणजे खाली आणि ‘माची’ म्हणजे नगर. त्यामुळे जोकामाची या शब्दाचा अर्थ किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले नगर असा होतो. मराठीत गडकोटांच्या संदर्भात वापरल्या जाणाऱ्या ‘माची’ या शब्दाशी असलेले त्याचे साम्य केवळ योगायोगाचे आहे. ‘कॅसल टाउन’ हे जोकामाचीचे सरळ इंग्रजी भाषांतर होय.

जोकामाची हा जपानच्या इतिहासातील एक महत्त्वाचा नगरप्रकार आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदारांनी आपल्या किल्ल्यांभोवती योद्धे, कारागीर व व्यापारी यांना वसवण्यास सुरुवात केली. ओदा नोबुनागा याने १५७६ मध्ये अझुची येथे किल्ला बांधण्यास घेतला आणि पुढच्याच वर्षी तेथील नगरात व्यापार करणाऱ्यांना अनेक सवलती देणारा हुकूम काढला. अशा नगरांत सामान्यतः किल्ल्याजवळ योद्ध्यांची वस्ती, त्यापलीकडे व्यापारी व कारागिरांच्या पेठा आणि कडेला मंदिरांच्या रांगा अशी रचना असे. शत्रूला थेट किल्ल्यावर चाल करता येऊ नये म्हणून रस्ते अनेकदा मुद्दाम वळणावळणाचे ठेवले जात. कानाझावा, हिमेजी आणि एदो, म्हणजे आजचे तोक्यो, ही शहरे अशाच किल्लेनगरांतून वाढली. त्यामुळे राजवाडा, त्याच्या पायथ्याची बाजारपेठ आणि तिच्याभोवतीची तटबंदी ही कल्पना जपानी खेळाडूंना इतिहासातून ओळखीची होती. झेल्डा मालिकेतील नगराचे बाह्य रूप मात्र दगडी चौक, कारंजे, लाकडी चौकटींची घरे आणि खंदकावरचा झुलता पूल अशा मध्ययुगीन युरोपीय घटकांनी घडलेले आहे.

पूर्वपीठिका

संगणकीय भूमिकाप्रधान खेळांत किल्ला व त्याच्या आश्रयाने असलेली वस्ती आरंभापासून दिसते. १९८१ मध्ये अमेरिकेत प्रकाशित झालेल्या विझर्ड्री या अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांच्या खेळात भुयारात उतरण्यापूर्वी खेळाडू ‘कॅसल’ नावाच्या ठिकाणी असतो. तेथे मद्यालय, धर्मशाळा, मंदिर आणि दुकान यांची केवळ एक यादी पडद्यावर दिसते. त्याच वर्षीच्या अल्टिमा या रिचर्ड गॅरियट यांच्या खेळात लॉर्ड ब्रिटिश या राजाचा किल्ला व त्याजवळचे ब्रिटन हे गाव नकाशावर शेजारी शेजारी आहेत.

जपानमध्ये ही रचना रूढ करण्यात ड्रॅगन क्वेस्ट या खेळाचा मोठा वाटा आहे. युजी होरिई यांनी रचलेला हा खेळ २७ मे १९८६ रोजी एनिक्स कंपनीने प्रकाशित केला. त्याचा आरंभ राजाच्या दालनात होतो. किल्ल्यालगतच्या गावात शस्त्रे विकत मिळतात व रात्री विसावा घेता येतो. मूळ जपानी आवृत्तीत खेळातील प्रगती पुढे चालू ठेवण्यासाठी लागणारा सांकेतिक मजकूरही राजाच देतो. त्यामुळे खेळाडूला किल्ल्याकडे पुन्हा पुन्हा परतणे भाग पडते.

झेल्डा मालिकेचा पहिला खेळ त्याच वर्षी, २१ फेब्रुवारी १९८६ रोजी, जपानमध्ये प्रकाशित झाला. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका यांच्या या खेळात एकही गाव नाही. दुकानदार गुहांमध्ये एकेकटे बसलेले असतात. १९८७ मधील द ॲडव्हेंचर ऑफ लिंक या दुसऱ्या खेळात प्रथमच गावे आली. १९९१ मधील अ लिंक टू द पास्ट या खेळात हायरूल किल्ला नकाशाच्या मध्यभागी आहे, परंतु त्याच्या पायथ्याशी वस्ती नाही. लोक काकारिको या खेड्यात राहतात. म्हणजे राजवाडा होता, पण ज्यांच्यावर राज्य करायचे ती प्रजा त्याच्या आसपास नव्हती. ही उणीव पुढच्या खेळाने भरून काढली.

ऑकारिना ऑफ टाइम

ऑकारिना ऑफ टाइम हा खेळ नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रकाशित झाला. जंगलात वाढलेला लिंक हा मुलगा राजकन्या झेल्डाला भेटण्यासाठी निघतो व हायरूलच्या विस्तीर्ण मैदानातून नगराच्या वेशीपाशी येतो. सूर्यास्ताला खंदकावरचा पूल उचलला जातो व पहाटे पुन्हा खाली येतो. सायंकाळी उशीर झाल्यास लिंकला रात्रभर बाहेर थांबावे लागते आणि त्या वेळी मैदानात जमिनीतून सांगाडे वर येऊन त्याच्यावर हल्ला करतात. तटबंदीच्या आत असणे म्हणजे सुरक्षित असणे, हे खेळाडूला कोणीही न सांगता अशा रीतीने कळते.

बाजार

नगराचा मुख्य भाग म्हणजे मध्यभागी कारंजे असलेला चौक. दिवसा तेथे लोकांची वर्दळ असते. रात्री दुकाने बंद होतात व चौकात कुत्री हिंडतात. किराणा, औषधे, नेमबाजी, बॉम्बचू नावाच्या धावत्या बॉम्बचा खेळ अशी निरनिराळी दुकाने व करमणुकीची ठिकाणे चौकाभोवती आहेत. पेटाऱ्यांतून योग्य पेटारा निवडण्याचा जुगारी खेळ केवळ रात्री सुरू असतो. व्यवहारासाठी रुपी नावाची रंगीत रत्ने चालतात.

बाजारातील मुखवट्यांचे दुकान विशेष प्रसिद्ध आहे. तेथील मुखवटे लिंकला उधारीवर मिळतात. ते राज्यातील योग्य गिऱ्हाईक शोधून विकायचे आणि दुकानदाराचे पैसे परत आणून द्यायचे, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे खेळाडू बाजारातून बाहेर पडतो, राज्यातील निरनिराळ्या माणसांना भेटतो व पुन्हा बाजारात येतो. केंद्रस्थळाचे कार्य एका लहानशा उपकथेतून साधण्याचा हा नमुना आहे. लोन लोन पशुपालन केंद्रातील मॅलॉन ही मुलगी लिंकला दिवसा याच चौकात भेटते. दूध पोहोचवायला किल्ल्यावर गेलेला तिचा बाप टॅलॉन परतलेला नसतो. तो किल्ल्याच्या भिंतीपाशी झोपी गेलेला आढळतो.

चौकातून एक वाट किल्ल्याकडे व दुसरी काळाच्या मंदिराकडे जाते. पहारेकऱ्यांची नजर चुकवून लिंक किल्ल्याच्या बागेत पोहोचतो व झेल्डाला भेटतो. गॅनॉनडॉर्फ हा वाळवंटातील टोळीचा प्रमुख राजाशी निष्ठेचे नाटक करत असल्याची तिला शंका असते. त्याच्या आधी दैवी शक्तीपर्यंत पोहोचण्यासाठी लिंकने तीन पवित्र रत्ने गोळा करावीत, असे दोघे ठरवतात.

सात वर्षांनंतर

लिंक तिन्ही रत्ने घेऊन परत येतो तेव्हा पूल खाली पडतो आणि झेल्डाला घेऊन तिची दाई इम्पा घोड्यावरून पळून जाताना दिसते. मागोमाग गॅनॉनडॉर्फ येतो. या प्रसंगानंतर व मंदिरातील तलवार उपसण्यापूर्वी खेळाडू बाजाराच्या मागील गल्लीत गेल्यास तेथे एक जखमी सैनिक आढळतो व घडलेली हकीकत सांगून प्राण सोडतो. ही भेट ऐच्छिक असल्याने अनेक खेळाडूंच्या नजरेतून ती निसटते.

लिंक मंदिरातील तलवार उपसतो आणि सात वर्षांच्या निद्रेत जातो. त्याने उघडलेल्या दारातूनच गॅनॉनडॉर्फला पवित्र क्षेत्रात प्रवेश मिळतो. नगराचा नाश हा अशा प्रकारे केवळ शत्रूच्या बळाचा परिणाम नसून दोन मुलांनी चांगल्या हेतूने आखलेल्या योजनेचाही परिणाम आहे.

प्रौढ झालेला लिंक मंदिराबाहेर पडतो तेव्हा चौकात घरांचे सांगाडे उरलेले असतात, आकाश काळवंडलेले असते आणि माणसांच्या जागी रिडेड नावाची प्रेतसदृश प्राणी उभे असतात. त्यांच्या किंकाळीने लिंक जागच्या जागी गोठतो. बाजारातील उत्साही संगीत थांबलेले असते. हायरूल किल्ल्याच्या जागी लाव्हाच्या खाईवर तरंगणारा गॅनॉनचा किल्ला उभा असतो. वाचलेले रहिवासी काकारिको खेड्यात आश्रयाला गेलेले असतात. किराणा, औषधे व नेमबाजी यांची दुकाने तेथे पुन्हा थाटलेली दिसतात. वेशीजवळच्या पहारेकऱ्यांच्या खोलीत आता भुते विकत घेणारा एक व्यापारी बसलेला असतो. संपूर्ण नगरात व्यवहार चालू असलेली तेवढीच जागा उरते.

खेळाच्या रचनेमुळे हा विरोधाभास एकदाच दिसून संपत नाही. प्रौढ लिंकचा जतन केलेला खेळ पुन्हा सुरू केल्यास आरंभ सामान्यतः काळाच्या मंदिरात होतो, त्यामुळे उद्ध्वस्त चौकातून वाट काढण्याची वेळ वारंवार येते. पुढे तलवार परत जागी ठेवून बालपणात जाण्याची सोय मिळते. तेव्हा मंदिरापासून काही पावलांवर तोच चौक पुन्हा माणसांनी भरलेला दिसतो. त्या माणसांना पुढे काय होणार हे ठाऊक नसते. खेळाडूला ते ठाऊक असते.

तांत्रिक बाजू

ऑकारिना ऑफ टाइम ३२ मेगाबाइट क्षमतेच्या कार्ट्रिजवर प्रकाशित झाला. खेळाचे बहुतांश जग त्रिमितीय असले तरी बाजार व आसपासच्या गल्ल्यांसाठी आधीच चितारलेली स्थिर पार्श्वचित्रे वापरण्यात आली व त्यांवर त्रिमितीय पात्रे हलवण्यात आली. त्यामुळे चौकात कॅमेऱ्याचा कोन ठरलेला असतो, मात्र इमारतींत भरपूर बारकावे दाखवता आले. नगराच्या आत असताना खेळातील वेळ पुढे सरकत नाही. दिवस-रात्र बदलण्यासाठी बाहेर जावे लागते. २०११ मध्ये निन्टेन्डो ३डीएससाठी आलेल्या सुधारित आवृत्तीत या पार्श्वचित्रांच्या जागी खरी त्रिमितीय रचना करण्यात आली. बाजाराचे संगीत कोजी कोंदो यांचे आहे.

नंतरच्या खेळांतील रूपे

द मिनिश कॅप

कॅपकॉम कंपनीच्या सहकार्याने तयार झालेला व हिदेमारो फुजिबायाशी यांनी दिग्दर्शित केलेला द मिनिश कॅप हा गेम बॉय ॲडव्हान्ससाठीचा खेळ जपानमध्ये नोव्हेंबर २००४ मध्ये प्रकाशित झाला. त्यात नगराचे नाव केवळ हायरूल टाउन असे आहे. कथेचा आरंभ नगरातील पिकोरी उत्सवाने होतो. नकाशाच्या मध्यभागी असलेले हे नगर चारही दिशांच्या प्रदेशांना जोडते आणि खेळाडू प्रत्येक मोठ्या कामगिरीनंतर येथे परततो.

लिंक अंगठ्याएवढा लहान होऊ शकतो, हे या खेळाचे मुख्य सूत्र आहे. त्यामुळे एकच नगर दोन आकारमानांत पाहायला मिळते. माळे, कपाटांमागच्या फटी आणि ग्रंथालयातील पुस्तके येथे मिनिश नावाचे चिमुकले लोक राहतात व माणसांच्या नकळत त्यांना मदत करतात. पेंगणाऱ्या चांभाराची कामे तेच रात्री पूर्ण करून ठेवतात. नेहमी निरुपद्रवी वाटणारे मांजर लहान लिंकसाठी जीवघेणा शत्रू ठरते. रहिवाशांशी किनस्टोन या नाण्यांचे अर्धे भाग जुळवल्यास राज्यात कोठेतरी नवी वाट किंवा पेटारा उघडतो. लोकांशी बोलणे हेच येथे प्रगतीचे साधन आहे.

ट्वायलाइट प्रिन्सेस

२००६ च्या अखेरीस वी व गेमक्यूब या यंत्रांसाठी आलेल्या ट्वायलाइट प्रिन्सेस या खेळात नगर पूर्वीपेक्षा बरेच मोठे आहे. मध्यभागी कारंज्याचा चौक, त्यापासून निघणारे रस्ते, गल्लीबोळ आणि वेशी अशी त्याची रचना आहे. वी आवृत्तीत संपूर्ण खेळ आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटा केलेला असल्यामुळे दोन आवृत्त्यांत नगराच्या पूर्व व पश्चिम बाजूंची अदलाबदल झालेली आहे.

रस्त्यांवर गर्दी दाखवण्यावर या खेळात भर देण्यात आला. मात्र त्या गर्दीतील बहुतेकांशी बोलता येत नाही. ते केवळ शेजारून निघून जातात. लिंक लांडग्याच्या रूपात नगरात शिरल्यास लोक किंचाळत पळतात आणि पहारेकरी भाले रोखतात. टेल्मा या स्त्रीच्या मद्यालयात राज्य वाचवण्यासाठी धडपडणारा एक लहान गट जमतो. दुसरीकडे, किल्ल्याभोवती जादूचे कवच उभे राहिल्यानंतरही बाजार चालूच राहतो. संकट समोर दिसत असतानाही दैनंदिन व्यवहारात गुंतलेली राजधानी असे तिचे चित्रण आहे.

नगरातील विषमताही येथे विनोदी अंगाने येते. चडली या व्यापाऱ्याच्या श्रीमंती दुकानात पादत्राणे चकचकीत केल्याशिवाय प्रवेश मिळत नाही व वस्तूंच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच्या असतात. खेड्यातून आलेला मालो हा लहान मुलगा खेळाडूने दिलेल्या देणग्यांच्या बळावर ते दुकान ताब्यात घेतो व त्याच वस्तू परवडणाऱ्या दरात विकू लागतो.

स्पिरिट ट्रॅक्स

निन्टेन्डो डीएससाठी २००९ मध्ये आलेल्या स्पिरिट ट्रॅक्स या खेळात नव्या भूमीवर वसवलेल्या हायरूलची राजधानी दिसते. नगराला रेल्वे स्थानक आहे. लिंक आगगाडीचा चालक असून राजकन्या झेल्डाच्या हस्ते नियुक्ती स्वीकारण्यासाठी तो येथे येतो. पूर्वीच्या खेळांतील वेशीची जागा या खेळात फलाटाने घेतली आहे.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड आणि टिअर्स ऑफ द किंगडम

३ मार्च २०१७ रोजी प्रकाशित झालेल्या ब्रेथ ऑफ द वाइल्ड या खेळात नगर आरंभापासूनच उद्ध्वस्त आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या महासंकटात ते नष्ट झाले. कोसळलेल्या भिंती व चौकाच्या खुणा शिल्लक असून गार्डियन नावाची शस्त्रसज्ज यंत्रे तेथे पहारा देतात. हीच यंत्रे मूळ राज्याच्या रक्षणासाठी बाहेर काढण्यात आली होती आणि संकटाच्या वेळी ती शत्रूच्या ताब्यात गेली. मालिकेतील राजधानी येथे केंद्रस्थळ न राहता नकाशाच्या मध्यभागी असलेले सर्वांत धोकादायक क्षेत्र बनते. दुकाने व विश्रामगृहे दूरच्या खेड्यांत आणि वाटेवरच्या तबेल्यांत विखुरलेली आहेत. टॅरी टाउन नावाची नवी वस्ती मात्र खेळाडूच्या मदतीने शून्यातून उभी राहते.

१२ मे २०२३ रोजी आलेल्या टिअर्स ऑफ द किंगडम या उत्तरभागात हायरूल किल्ला जमिनीपासून उचलला जाऊन आकाशात तरंगू लागतो. जुन्या नगराच्या अवशेषांजवळ लुकआउट लँडिंग ही तात्पुरती छावणी उभारलेली असते. पुरा ही संशोधक तेथील कामाची सूत्रे सांभाळते. छावणीत दुकान, चूल, टेहळणीचा मनोरा आणि संकटकाळी आसरा घेण्यासाठी भूमिगत निवारा आहे. किल्ल्याच्या दिशेने जाणारा एक जुना भुयारी मार्गही तेथून सापडतो. खेळाडूला मुख्य कामगिरी येथेच मिळते व तो येथेच परततो. किल्लेनगराचे केंद्रस्थळ म्हणून असलेले कार्य या खेळात पुन्हा त्याच परिसरात आले. मात्र राजाच्या आश्रयाऐवजी स्वयंसेवकांच्या श्रमावर ते उभे आहे.

इकोज ऑफ विजडम

सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या या खेळात झेल्डा ही मुख्य खेळपात्र आहे. जमिनीत पडणाऱ्या गूढ भेगा किल्ल्यासह अनेक ठिकाणे गिळून टाकतात व राजा आणि मंत्री यांच्या जागी तोतये येतात. आजवर किल्ल्यातून नगराकडे पाहणारी राजकन्या येथे स्वतःच्याच राजधानीतून लपून पळते.

केंद्रस्थळ म्हणून कार्य

विविध खेळांतील कॅसल टाउनची कार्ये पुढीलप्रमाणे आहेत:

• पुरवठा – औषधे, बाण, बॉम्ब, ढाली इत्यादी वस्तूंची खरेदी.
• करमणूक – नेमबाजी, जुगार, शर्यती यांसारखे लघुखेळ. त्यांतून अनेकदा उपयुक्त बक्षिसे मिळतात.
• माहिती – रहिवाशांच्या बोलण्यातून पुढील वाटेचे संकेत आणि राज्याच्या स्थितीची कल्पना.
• कथानक – किल्ला, मंदिर किंवा मद्यालयात घडणारे निर्णायक प्रसंग.
• मापन – राज्याची स्थिती सुधारली की बिघडली, हे नगराच्या बदललेल्या रूपावरून कळणे.

पहिली चार कार्ये भूमिकाप्रधान खेळांतील बहुतेक केंद्रस्थळांत आढळतात. पाचवे कार्य या मालिकेत विशेष ठळक आहे.

इतर केंद्रस्थळांशी तुलना

याच मालिकेतील मेजोराज मास्क (२०००) या खेळात टर्मिना या वेगळ्या भूमीवरील क्लॉक टाउन हे नगर आहे. त्यावर चंद्र कोसळण्यास तीन दिवस उरलेले असतात. ऑकारिनामधील बाजारात वेळ थांबलेली असते, तर येथे प्रत्येक रहिवासी ठरलेल्या वेळापत्रकानुसार वावरतो. उत्सव पार पाडावा की नगर रिकामे करावे, यावरून सुतारांचा प्रमुख आणि पहारेकऱ्यांचा नायक नगराध्यक्षांसमोर वाद घालतात. कॅसल टाउनचा नाश खेळाडू प्रत्यक्ष पाहत नाही. क्लॉक टाउनमध्ये मात्र अखेरच्या रात्री कोण पळाले व कोण थांबले, हे त्याला घरोघरी जाऊन पाहता येते.

कोनामी कंपनीच्या सुइकोदेन (१९९५) या भूमिकाप्रधान खेळात याच्या उलट वाटचाल दिसते. खेळाडूला एक ओसाड किल्ला मिळतो व १०८ पात्रांपैकी जसजशी अधिक पात्रे सामील होतात तसतसा तो गजबजत जातो. टोबी फॉक्स यांच्या डेल्टारून या खेळात कॅसल टाउन याच नावाचे नगर आहे. २०१८ मधील पहिल्या प्रकरणात ते जवळजवळ रिकामे असते. २०२१ मधील दुसऱ्या प्रकरणापासून तेथे वस्ती होते आणि खेळाडूने न मारता सोडून दिलेले शत्रू तेथे राहायला येऊ शकतात. नगर किती भरलेले दिसेल हे त्यामुळे खेळाडूच्या वर्तनावर अवलंबून राहते.

कथानकातील महत्त्व

झेल्डा मालिकेतील संघर्ष सामान्यतः नायक, राजकन्या व खलनायक या तीन पात्रांभोवती फिरतो. राज्य वाचवायचे म्हणजे नेमके काय वाचवायचे, याचे उत्तर या तिघांच्या कथेत थेट मिळत नाही. ते कॅसल टाउनच्या चित्रणातून मिळते. ऑकारिना ऑफ टाइममधील बाजारात खेळाडू प्रथम काही तास निवांतपणे घालवतो: मुखवटे विकतो, हरवलेले कुत्रे मालकिणीला परत करतो, जुगारात रुपी गमावतो. ही कामे मुख्य कथेसाठी आवश्यक नसतात. परंतु पुढे तोच चौक रिकामा दिसल्यावर गमावलेल्या गोष्टींची यादी खेळाडूपाशी आधीच तयार असते.

ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये ही पद्धत बदलली. तेथे नगराचे सुस्थितीतील रूप खेळाडूला हिंडून पाहायला मिळत नाही. कारंजे, पायऱ्या व रस्त्यांच्या खुणांवरून त्याची कल्पना करावी लागते. जुने खेळ खेळलेल्यांना या खुणा ओळखीच्या वाटतात, तर नव्या खेळाडूंसाठी त्या एका अज्ञात शहराच्या खुणा राहतात.

नगराचे पुनर्वसन हा विषय मालिकेत तुलनेने उशिरा आला. ऑकारिना ऑफ टाइमच्या शेवटी गॅनॉनचा पाडाव झाल्यानंतरचा जल्लोष नगरात न होता लोन लोन पशुपालन केंद्रात होतो. उद्ध्वस्त बाजार पुन्हा उभा राहिलेला दाखवलेला नाही. झेल्डा लिंकला त्याच्या बालपणात परत पाठवते, म्हणजे त्याला न मोडलेले नगर परत मिळते, पण मोडलेल्या नगरातील लोकांचे पुढे काय झाले हे त्या खेळात येत नाही. २०११ मध्ये जपानमध्ये प्रकाशित झालेल्या हायरूल हिस्टोरिया या अधिकृत ग्रंथात या दोन काळांपासून वेगवेगळे कालप्रवाह निघतात, असे स्पष्ट करण्यात आले. लिंक परतलेल्या बालपणाच्या प्रवाहात ट्वायलाइट प्रिन्सेसमधील भरभराटीची राजधानी येते, तर दुसऱ्या प्रवाहात पुढे संपूर्ण हायरूल समुद्राखाली जाते व त्याची कथा द विंड वेकर (२००२) या खेळात येते. त्या प्रवाहातील वंशजांनी नव्या भूमीवर वसवलेली राजधानी म्हणजे स्पिरिट ट्रॅक्समधील नगर होय.

नगराचे दर्शन घडवणारे प्रमुख खेळ

• १९९८ – ऑकारिना ऑफ टाइम: बाजारपेठ, पुढे भग्नावशेष
• २००४ – द मिनिश कॅप: हायरूल टाउन या नावाने
• २००६ – ट्वायलाइट प्रिन्सेस: विस्तृत राजधानी
• २००९ – स्पिरिट ट्रॅक्स: नव्या हायरूलची राजधानी
• २०१७ – ब्रेथ ऑफ द वाइल्ड: भग्नावशेष
• २०२३ – टिअर्स ऑफ द किंगडम: भग्नावशेष व लुकआउट लँडिंग छावणी
• २०२४ – इकोज ऑफ विजडम: राजधानी

हेही पाहा

• द लेजेंड ऑफ झेल्डा
• निन्टेन्डो
• शिगेरू मियामोतो
• ड्रॅगन क्वेस्ट
• जोकामाची
• भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम